तळपायातली आजी

माझ्या आत्याच्या उजव्या तळपायावर जन्मापासून काळा ठिपका होता. तिच्या आजीला शेवटची अंघोळ घातली, तेव्हा बायकांनी म्हातारीच्या तळपायाला काजळाचं बोट लावलं होतं, परत आली तर ओळखू यावी म्हणून. वर्षाच्या आत आत्या जन्मली आणि ठिपका नेमका त्याच जागी. मग काय, घरातले थोरले रांगणाऱ्या पोरीच्या पाया पडायचे! घोटीजवळच्या आमच्या गावात भाताच्या आवणीला, रोपं लावताना, चिखलात पहिलं पाऊल तिचंच पडायचं. ते पाऊल शेतापासून लांब जाऊ नये म्हणून तिचं लग्नसुद्धा गावातच लावलं.

मी नाशिकला वाढले. मला या सगळ्याची गंमत वाटायची. एकटीनं तो पाय बघायची मात्र माझी छाती झाली नाही.

अलीकडे ठिपका पसरायला लागला. कडा वेड्यावाकड्या झाल्या, मधोमध ओलं लाल दिसायला लागलं. घर घाबरेल असं मला वाटलं होतं. घर खूश झालं. "म्हातारी पाय पसरून बसली आता," काकू हसत म्हणाली आणि तिनं त्या तळव्याला हळदकुंकू लावलं. कुंकवात रक्त मिसळत होतं आणि सगळे हात जोडून उभे होते.

आत्याला ताप आला, तेवढं निमित्त साधून मी तिला घोटीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि ताप बाजूलाच राहिला. त्यांनी नाशिकची चिठ्ठी दिली, तिथे फोन केला आणि "भातकापणीनंतर येते" म्हणणाऱ्या आत्याला दटावलं, "उद्याच." नाशिकला तुकडा तपासला. मेलानोमा, कातडीचा कॅन्सर. टाचेचा भाग काढावा लागणार होता.

परतीच्या एसटीत आत्या पाय मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलत राहिली. बोलता बोलता थांबायची, समोरून उत्तर आल्यासारखी मान हलवायची. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "ती नाय म्हणती. पण मी बोलले तिला, मला जगायचं हाय अजून." मला रडूच कोसळलं.

ऑपरेशन झालं, आत्या वाचली. पण बाई पार कोमेजली. "लय एकटं वाटतं गं पोरी," म्हणायची, "घर रिकामं झाल्यावानी." तपासणीला यायचीसुद्धा तिची तयारी नसायची, मीच भांडून न्यायचे.

मागच्या खेपेला नाशिकच्या सर्जनबाईंनी तिची जांघ चाचपली. बोटं एका जागी थांबली, पुन्हा तिथेच फिरली.

"गाठ लागतेय," त्या हलक्या आवाजात मला म्हणाल्या. "पायातलंच वर आलंय बहुतेक."

आत्यानं त्यांचा हात बाजूला केला आणि ती जागा स्वतः दाबून पाहिली. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा उजळला.

"म्हंजी गेली नाय ती," ती म्हणाली.