पुढच्या अ‍ॅक्सलचा शेवटचा नट

ग्रीसचा उग्र वास आला की शारजातलं आमचं जुनं गॅरेज आठवतं. लष्कराने लिलावात काढलेल्या एका म्हाताऱ्या ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल बदलायचा होता. असली कामं कायम माझी, पण अरबाबने, म्हणजे मालकाने, ते साताऱ्याहून नव्याने आलेल्या मेकॅनिकला दिलं. वरचे पत्रे भट्टीसारखे तापलेले, आणि हा गुणगुणत काम करत होता. तीन दिवसांचं काम त्याने दोन दिवसांत उरकलं. "माशाल्ला," अरबाब म्हणाला. मला इतक्या वर्षांत कधी म्हणाला नव्हता. तेवढ्यात मला दिसलं, डाव्या चाकाच्या नटावर लॉक वॉशरची कड वळवलेलीच नाही. ती कडच नटाला अडवून धरते; नट सुटला की चाक निखळणार. मी गप्प बसलो. अरबाब चावी घेऊन ट्रककडे निघाला, तसा तो म्हणाला, "अरबाब, दो मिनट." मग छिन्नी-हातोडा माझ्यापुढे धरून हळूच म्हणाला, "दादा, एवढं तुमच्यासाठी ठेवलंय. आमच्याकडं शेवटचा हात थोरल्याचा असतो." मी कड वळवली, पण हातोडा दोनदा घसरला. आज माझ्या हाताखाली चार जण आहेत. शेवटचा नट मी अजून कुणासाठी ठेवलेला नाही.