पंधरा तारखांची खाडी

संशोधन करणाऱ्या मुलांना मी डेटा सांभाळायला शिकवते. ऐकणाऱ्याला वाटतं, यात शिकवायचं काय? फाइलला धड नाव द्यावं, तिच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कुठल्या रकान्यात काय भरलंय ते लिहून ठेवावं, आणि आकडे कुणी, कुठे, कधी मोजले हे कधीही गाळू नये. बस्, एवढंच. पहिल्या तासाला मुलं जांभया देतात. मी देऊ देते. मी हा विषय कुठल्या रागातून शिकवते, ते त्यांना अजून माहीत नसतं.

काळ गेला की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, कारण मी तो निवू दिला नाही. चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवतात तसा झाकून ठेवला, एवढंच.

मी मूळची गुहागरच्या बाजूची, खाडीकाठची. घरात होडी होती, आणि पाणी ओसरलं की, सुकतीला, बायका चिखलात उतरून तिसऱ्या नावाच्या शिंपल्या काढायच्या. रत्नागिरीला संशोधनाला आले तेव्हा मी विषयही तोच घेतला: खाडीतल्या तिसऱ्या, कधी किती मिळतात, केवढ्या मिळतात. बायकांबरोबर चिखलात जायचं, लाकडी चौकट टाकायची, तिच्यातल्या तिसऱ्या मोजायच्या आणि घरी येऊन आकडे एक्सेलमध्ये भरायचे.

आता आमच्याकडे खाडीत उतरतात ते तारीख बघून नव्हे, तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी लांबवर मागे जातं, चिखल उघडा पडतो, टोपल्या भरतात. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. माझी काकू सकाळी दारातूनच सांगायची, "आज अष्टमी, भांगाचा पानी. काय गावनार नाय." आणि खरंच काही गावायचं नाही. मीही तशीच वाढलेली. प्रत्येक महिन्याचं वेगळं पान केलं आणि 'दिवस' या रकान्यात तिथी लिहिली, एक ते पंधरा. शेजारच्या रकान्यात शुद्ध असेल तर 'शु', वद्य असेल तर 'व'. पंचांग बघून तारखा नंतर सावकाश घालू, असा विचार होता.

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. गणपतीला गावी जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या फाइली सरांच्या संगणकावर ठेवायच्या आणि मगच एसटी पकडायची. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. देशावरचे, उंच, आवाज खर्जातला. मीही फाइल ठेवली आणि गौरी-गणपती करायला घरी गेले. पुढे काही महिन्यांनी एका नियतकालिकात माझ्या तिसऱ्या छापून आल्या. नाव सरांचं आणि त्यांच्या मर्जीतल्या एका सीनियरचं. माझं नाव आभारांतही नव्हतं.

मी विचारायला गेले. सर चहा पीत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "डेटा लॅबचा असतो. तू लॅबमध्ये आहेस म्हणून तो गोळा झाला." त्यानंतर माझ्या अहवालांवर सह्या होईनात. खेटे घालून कंटाळले आणि संशोधन सोडलं. ग्रंथालयाची परीक्षा दिली आणि त्याच संस्थेच्या ग्रंथालयात लागले. सर येता-जाता दिसायचे. कधी नुसतं हसायचे.

पण त्या छापील लेखात एक गंमत होती, आणि ती फक्त मला माहीत होती. सरांनी माझी तिथी ही तारीख समजली होती. 'शु' आणि 'व'चा अर्थ लागेना म्हणून तो रकाना उडवला होता, आणि सगळ्या ओळी एक ते पंधरा अशा चढत्या लावल्या होत्या. त्यामुळे लेखातल्या खाडीत महिन्याला पंधराच दिवस होते. शिवाय निष्कर्ष असा, की आठ तारखेला तिसऱ्या कमी मिळतात आणि पंधरा तारखेला भरपूर. म्हणजे तिसऱ्यांनी भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असावं. खाडीकाठच्या कुणीही हे वाचलं असतं तर पोट धरून हसलं असतं, पण आमचे लेख आमच्याकडे वाचतो कोण? मी वाचला आणि गप्प बसले. चूक त्यांच्या नावावर छापली होती. माझ्या नावापेक्षा ती मला गोड लागली.

वर्षं गेली. सरांच्या डोक्यावरचे केस गेले, पद वाढलं. आता प्रत्येक संशोधकाने डेटा कसा ठेवणार हे आधी लिहून द्यावं असा नियम आला. ते शिकवणार कोण, तर ग्रंथालयातली मी. नियम वाचून मी घरी गोडाचं केलं होतं, हे खोटं नाही.

गेल्या वर्षीच्या वर्गात सरांची एक विद्यार्थिनी होती. दापोलीच्या आतल्या गावातली. घरी भात आणि काजू, वडील मुंबईत नोकरीला. खाडी तिने इथे येऊनच पाहिलेली. तास संपल्यावर ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, सरांचा जुना डेटा आणि माझा नवा ताडून बघायचाय. पण जुळतच नाय हो. मी आठ तारखेला गेले, पंधराला गेले. कधी भरपूर, कधी काहीच नाही. सर म्हणतात, तुझं मोजणंच चुकलंय. सगळं पहिल्यापासून कर, नाहीतर मी सही करणार नाही."

तिने जुनी फाइल उघडली. माझीच होती. माझ्या सवयीप्रमाणे वरच्या ओळीला पिवळा रंगसुद्धा तसाच. मला असा आनंद झाला की काय सांगू. इतकी वर्षं वाट बघितलेला मासा आपल्या पायाने चालत जाळ्यात आला होता.

तिला तिथेच एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगितलं नाही. म्हटलं, "शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपली फाइल सगळ्यांसमोर मांडायची आहे. प्रत्येक रकान्यात काय आहे आणि तो कुणी भरला, ते सांगायचं. तू हीच फाइल मांड. कुणी भरली ते सरांना विचारून घे."

ती विचारून आली. सरांनी तिला सांगितलं होतं, "माझंच नाव घाल." चोर तो चोर आणि वर शिरजोर! मी त्या दिवशी जेवले नाही, पण झोप मात्र छान लागली.

शेवटच्या दिवशी सर अध्यक्ष म्हणून आले. शाल झाली, नारळ झाला. डेटा हेच आजचं धन, असं काहीतरी बोलले. मग मुलं एकेक फाइल मांडू लागली. दापोलीच्या मुलीची पाळी आली. तिने पडद्यावर फाइल दाखवली आणि खालच्या आवाजात वाचलं: रकाना पहिला, दिवस. भरणारे, सर.

मी उठले. आवाज अगदी मऊ ठेवला. "सर, एक शंका. पंधरा तारखेनंतर तुम्ही खाडीत का नाही गेलात?"

"वेळापत्रक तसं होतं," सर म्हणाले.

"दर महिन्याला? आणि एकाच तारखेच्या दोन-दोन ओळी कशा?"

तेवढ्यात मागच्या बाकावरची मांडवीची एक मुलगी हसली. तिच्या घरी मासळीचा धंदा. ती म्हणाली, "ओ मॅडम, ह्या तारखा नायत. ह्या तिथी हायत. आठला काय नाय, पंधराला लय, म्हणजे भांग न् उधाण. आमच्या आजीला दाखवलंत तरी सांगेल." वर्गात आधी खसखस पिकली, मग मोकळं हसू फुटलं. त्या हशात मी सरांचं तोंड बघत होते. इतक्या वर्षांत इतकं नीट मी ते कधी बघितलं नव्हतं.

घसा खाकरून सर म्हणाले, "हा डेटा मी स्वतः गोळा केलेला नाही. तेव्हा एक मुलगी होती लॅबमध्ये. तिला धड तारखाही लिहिता येत नव्हत्या. सगळा घोळ तिचा."

हे वाक्य त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर यावं, यासाठीच तर मी गप्प बसले होते.

"बरोबर आहे सर," मी म्हटलं. "ती मुलगी मी. गोळा कुणी केला हे तुम्हीच सांगितलंत, बरं झालं."

हसू थांबलं. सर चहा न घेता निघून गेले. शाल खुर्चीवरच राहिली, ती मी शिपायाच्या हाती त्यांच्या खोलीत पोचवली, वर नारळही ठेवला. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. आठवड्याच्या आत त्यांना नियतकालिकाला दुरुस्ती पाठवावी लागली. त्या दुरुस्तीत माझं नाव आलं. उडवलेला 'शु' आणि 'व'चा रकाना माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये होता. तो मी दापोलीच्या मुलीला दिला, पंचांग लावून खऱ्या तारखा घातल्या, आणि तिचे आकडे जुळले. खरं म्हणजे तिचं मोजणं पहिल्यापासून चोख होतं. सरांनी मुकाट्याने सही केली.

मग मला हाव सुटली. माझे जुने आकडे आणि तिचे नवे एकत्र केले तर खाडीचं काय झालं ते स्वच्छ दिसत होतं. हा लेख मला माझ्या नावाने लिहायचा होता, जो मला तेव्हा लिहू दिला नाही. ती ग्रंथालयात आली तेव्हा मी सहज म्हटलं, "तुझी फाइल मला पाठवून ठेव गं."

तिने बॅग टेबलावर ठेवली. मग विचारलं, "मॅडम, मी पहिल्यांदा फाइल दाखवली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? त्या दिवसांत मी हॉस्टेलवर सामान बांधून ठेवलेलं. घरी फोन करून सांगितलं होतं, मला नाय जमत हे, मी परत येते. आईने वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, ये."

सरांचं तोंड बघायचं होतं मला, आणि तिच्या तोंडाकडे मी बघितलंच नव्हतं.

तिने बॅगेतून कागद काढला. डेटा कुणाला, कधी द्यायचा याचा. मीच वर्गात लिहायला शिकवलेला. तिने माझ्यासमोर ठेवला.

"पदवी मिळेपर्यंत कुणालाच देणार नाही, असं लिहिलंय मी यात," ती म्हणाली. "त्यानंतर रीतसर अर्ज करा. थोडं थांबा, मॅडम. मी पण थांबले होते."

मी रागाने लाल झाले. ती मात्र कागदाची घडी घालून, चप्पल सरकवून शांतपणे निघून गेली. अजून तिची पदवी व्हायची आहे. अर्ज मी लिहून ठेवलाय.