बटणची शेवटची पिल्लं

माझी मावशी शिवणकाम करते, म्हणजे शाळांचे गणवेश, पडदे, लोकांच्या पँटी आखूड करणं वगैरे, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा तिच्याकडे कुत्रीची पिल्लं होतात. मोठा कारभार काही नाही. मशीनच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमागे एक लाकडी खोकं आणि त्यात बटण. बटण म्हणजे कुत्री. पण मावशीइतकं सरळ माणूस मला अजून भेटलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

झालं असं की बटणचा सख्खा भाऊ मावशीनं एका शिक्षिकेला दिला होता. चार वर्षांनी बाईंचा फोन आला. तक्रार नव्हती, एवढंच म्हणाल्या, "तो हल्ली प्रत्येक पायरीवर आधी पाय चाचपतो हो." डॉक्टर म्हणाले, आई-बापाकडून आलेला डोळ्यांचा आजार, हळूहळू पूर्ण आंधळा होणार. मावशी दोन दिवस नीट जेवली नाही. मग तिनं बटणच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतला आणि लॅबला पाठवला. उत्तर आलं, बटणला स्वतःला काही होणार नाही, पण दोष तिच्यात लपून आहे, पिल्लांकडे जाऊ शकतो.

बटण पाच वर्षांची, म्हणजे ही शेवटचीच खेप. काका म्हणाले, "ऑपरेशन करून टाकू, विषय संपला."

"अहो, एक गाठ निघाली म्हणून अख्खा तागा फेकायचा का? इतकी गुणी कुत्री आहे. दोष दोन्हीकडून आला तरच पिल्लू आंधळं होतं. नर बिनदोष बघू."

नर तर ठरलेला होता. फोटो स्टुडिओवाल्याचा, कपाटभर बक्षिसंवाला, आणि त्याच्या पिल्लांसाठी सहा जणांनी आधीच नावं दिलेली. मावशीबरोबर मीही गेले. तिनं पहिल्यांदा बटणचा रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि मग म्हणाली, "तुमच्या कुत्र्याचीही तपासणी करून घेऊ."

तो हसला. "ताई, खोट तुमच्या घरात आणि चौकशी माझ्या पोराची?"

"काडी मी आणलीय. दोन मिनिटांचं काम आहे."

"याचा बाप, आजा, सगळे नंबरात आलेत."

"नंबर देणाऱ्यांनी हे तपासलं होतं का?"

त्याला ते लागलं. नाही म्हणजे नाही म्हणाला. बटण माजावर यायला जेमतेम महिना होता आणि रिपोर्टलाच तीन आठवडे लागतात, मला वाटलं आता मावशी नमतं घेणार, तो कुत्रा चांगला असेलही ना, कोण जाणे. तिनं रिपोर्टची घडी घातली आणि मला म्हणाली, "चल."

शेवटी रिटायर झालेल्या पोस्टमनचा कुत्रा मिळाला. एक कान कायम पडलेला, बक्षीस शून्य, पण पोस्टमनकाकांनी स्वतःच त्याचं तोंड उघडून धरलं. रिपोर्ट स्वच्छ आला. पडलेल्या कानाचं कळल्यावर सहातल्या चार जणांनी नावं मागे घेतली. मावशी म्हणाली, "बरं झालं, कानासाठीच आले होते."

पाच पिल्लं झाली. बाप स्वच्छ, म्हणजे आंधळं कुणीच होणार नव्हतं, पण दोष कुणात लपलाय ते कळायला हवं म्हणून पाचही जणांचे नमुने घ्यायचे ठरले. त्याआधी दोन तास त्यांना आईपासून लांब ठेवतात, नाहीतर तोंडातल्या दुधामुळे नमुना बिघडतो. पिल्लांनी घर डोक्यावर घेतलं आणि दीड तासातच काकांनी एकाला गुपचूप बटणपाशी सोडलं. मावशीनं त्याच्या मिशा बघितल्या.

"हे दूध कुठून आलं?"

"रडत होतं गं."

"मग आता तुम्हीच त्याला घेऊन बसा. पुन्हा दोन तास." काका मांडीवर ते रडणारं पिल्लू घेऊन बसले, चहासुद्धा मागितला नाही.

रिपोर्टात तीन पूर्ण स्वच्छ, दोन बटणसारखी. त्यातलंच एक पांढऱ्या छातीचं, सगळ्यांत देखणं, बँकेतल्या एका कारकुनानं मागितलेलं. माझं वाचून व्हायच्या आत मावशीनं त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"पिल्लू ठणठणीत आहे. पण आईचा दोष त्याच्यात लपून आहे. पुढे त्याची पिल्लं काढायची तर समोरची कुत्री तपासल्याशिवाय नाही. तसं लिहून घेणार मी."

"आणि नाही दिलं लिहून तर?"

"तर ते दुसऱ्या घरी जाईल."

मग तो म्हणाला, "कागद जरा सोप्या भाषेत लिहा. आईला वाचून दाखवावा लागेल, आमच्याकडे तिचंच चालतं."

मावशीनं मशीनवरचा अर्धा शिवलेला गणवेश बाजूला सारला आणि तिथेच लिहायला बसली.