कार्ब्युरेटर कोणी खोलला?

शालू गायकर दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून बघते. सिलिंडर आला की आणणाऱ्याला थांबवून आधी वजन करायला लावते. मानपाड्यात सगळे तिला ओळखून आहेत. हा स्वभाव माहेरचा. तिच्या बापाच्या शेताला लागून चुलत्याचं शेत होतं. चुलता दरवर्षी थोडा थोडा बांध कोरायचा. बापाच्या लक्षात आलं तेव्हा भाताचं अख्खं खाचर पलीकडे गेलेलं होतं. "परक्यानं चोरलं तर कळतं," बाप म्हणायचा, "आपल्यानं चोरलेलं कळत नाय."

तिचा नवरा काळुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता. तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून त्याची मोटरसायकल पडवीत ताडपत्रीखाली उभी होती.

एक दिवस आंबिवलीहून जावई आला, करिश्माचा नवरा साईनाथ. फोनवर बोलत बराच वेळ पडवीत उभा राहिला आणि निघताना म्हणाला, "आई, गाडी पडून सडतेय. कार्ब्युरेटर जाम झाला असणार. मी नेतो, साफ करून आणतो."

"बघू," शालू म्हणाली. जावयाला एकदम गाडीचा पुळका का आला, हे तिला कळेना. गाडी गेली तर आतलं काय काय बदलून परत येईल, सांगता येत नाही. त्यापेक्षा आपणच साफ करू, असं तिनं ठरवलं. काळुराम सुट्टीला गाडी खोलायचा तेव्हा पाने हातात द्यायचं काम तिचंच असे. काय कुठे बसतं, हे तिनं पाहिलेलं होतं.

एका शनिवारी तिनं त्याची खुर्ची पडवीत आणून ठेवली. "तुम्ही नुसतं सांगा, मी करते."

"राहू दे," काळुराम म्हणाला. थकला असेल, असं तिला वाटलं.

ताडपत्रीच्या दोरीला हात घातला आणि ती थबकली. गाठ तिची नव्हती. ताडपत्री बाजूला सारून ती वाकून बघायला लागली. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला चार स्क्रू हवेत, दोनच होते, आणि त्यांच्या डोक्यांवर ताजे ओरखडे चमकत होते. तिनं वाटी उतरवली. आत पेट्रोल सुकून तळाला काकवीसारखा चिकट थर बसला होता, आंबूस वास मारत होता. पेट्रोल जायला आत दोन बारीक पितळी जेट असतात. त्यातला एकच जागेवर होता.

"यो साईनाथचाच उद्योग," ती म्हणाली. काळुराम जमिनीकडे बघत राहिला.

रविवारी तिनं जावयाला बोलावून घेतलं. चहा हातात दिला आणि विचारलं, "त्या दिवशी गाडीपाशी एवढा वेळ काय करत होता?"

"फोन आलेला, आई."

"मग कार्ब्युरेटर कोणी खोलला?"

साईनाथ हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "मी जेट चोरला असं वाटतंय तुम्हाला? कुठल्याही दुकानात मिळतो तो."

"मिळतो, तर नेलात कशाला?"

त्यानं कप तसाच खाली ठेवला, चपला घातल्या आणि तो निघून गेला.

तो फाटकाबाहेर पडल्यावर काळुरामनं डाव्या हातानं खुर्चीवर थाप मारली. "मी."

"तुम्ही काय?"

त्यानं खिशातून चष्म्याची डबी काढून तिच्यापुढे धरली. आत फडक्याखाली जेट होता आणि दोन स्क्रू. मग तो अडखळत, थांबत बोलला. जावई 'सडतेय' म्हणाला ते त्याला लागलं होतं. शालू भजनाला गेली की तो खुर्ची ओढत पडवीत यायचा. डाव्या हातानं त्यानं वाटी उतरवली, जेट काढला, पण परत बसवता येईना. शेवटी वाटी दोनच स्क्रूंवर अडकवून त्यानं ताडपत्रीची दोरी कशीबशी बांधली होती.

"फिटर... मी," तो म्हणाला.

"मग मना सांगितलं का नाय?"

"तू मला विचारलंच नाय. साईनाथला विचारलंस."

शालूनं त्याच्या हातातली डबी घेतली. मग तिनं साफ करायचा स्प्रे मारून वाटी घासली, तांब्याची बारीक तार घालून जेट मोकळा केला. काळुरामनं तो उन्हाकडे धरून एक डोळा मिटला. "दिसतंय आरपार." तिनं जेट बसवला, नवं पेट्रोल घातलं. किका मारून मारून तिचा पाय भरून आला, तेव्हा कुठे गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली. काळुराम रडत होता. तिनं बघितलं नाही असं दाखवलं.

साईनाथ तिचा फोन घेईना. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आंबिवलीला गेली. दार त्यानंच उघडलं.

"मी तुमच्यावर आळ घेतला," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "खोटा होता. करिश्माच्या पप्पांनी खोललेला."

साईनाथनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. "तुम्ही आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण आई, काही दिवस मी नाही येणार तिकडे."

"बरं," शालू म्हणाली. त्याचं खरं होतं.

तो आला थेट दिवाळीला. जेवणं झाल्यावर शालूनं काही न बोलता गाडीची चावी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उचलली, पडवीत जाऊन एका किकेत गाडी सुरू केली आणि लगेच गिअर टाकायला लागला.

"अरे, जरा तापू दे तिला आधी!" काळुराम खुर्चीतून ओरडला.