साबणाचा फेस

भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास आला की मला तुर्भ्याची आमची लॅब आठवते. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरून मी त्याचा घट्टपणा मोजत होते. आकडा निम्म्यावर घसरला. "एवढा कसा पडेल? मशीन कुठेतरी लीक आहे," म्हणत साहेबांनी रजिस्टरात तसं लिहूनही टाकलं. आमच्या फिटरकाकांनी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. "मॅडम, मशीन चोख हाय. तुमचं प्लास्टिकच पातळ झालंय." मग मी गॅस हळूहळू काढून घेतला, तसा आकडा चढत चढत थेट पहिल्या जागी आला; म्हणजे आत विरघळलेल्या गॅसनेच प्लास्टिक पातळ केलं होतं. साहेबांनी गुपचूप पेन काढलं आणि 'लीक' स्वतःच्या हाताने खोडलं. आज घरी एवढीशी कढई घासतानाही मी मुद्दाम भरपूर फेस करते.