राजाच्या कपाळावरची चामखीळ

संग्रहालयातल्या काचेमागे प्राचीन इराणच्या एका पार्थियन राजाचं चांदीचं नाणं होतं, आठाण्याएवढं. दाढी, केसांवर बांधलेली पट्टी आणि कपाळावर एक बारीक उंचवटा. मला वाटलं, ठसा बिघडला असावा. पण शेजारच्या नाण्यावर त्याच्या मुलाच्या कपाळावरही तसाच उंचवटा! खालच्या पाटीवर लिहिलं होतं, चामखीळ.

मी तिथेच रेंगाळलो. साचा कोरणाऱ्याने भीत भीत विचारलं असेल का, "महाराज, ठेवू की काढू?" आणि राजा सहज म्हणाला असेल, "असू दे की"? की बापाची खूण म्हणून मुलानेच ती हौसेने मिरवली असेल?

"आपल्या बाबांना होती तशीच," सोबत आलेली ताई म्हणाली.

बाबा गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो मोठा करून घेतला, तेव्हा स्टुडिओवाल्याने न विचारताच त्यांची चामखीळ पुसून टाकली. कपाळ कसं लख्ख! तेव्हापासून हार घालताना परक्या माणसाला घालतोय असं वाटायचं.

घरी आल्याआल्या ताईने काजळाची डबी उघडली आणि फोटोच्या काचेवर, डाव्या भुवईच्या वर, बोटाने एक ठिपका टेकवला.

"हं," ती म्हणाली, "आता आले बाबा."