कमळपक्ष्याची चार अंडी

'वेली उपटू नका, घरटी मोडतात' अशी खडसावणारी पत्रकं घेऊन मी तळ्यावर गेले. तिथे शिंगाड्याचं पीक घेणाऱ्या सुमनताई कमरेएवढ्या पाण्यात वेली विरळ करत होत्या. एका वेलीशेजारी मात्र त्यांनी चिंधी बांधलेली काठी रोवली होती. तिथे कमळपक्ष्याचा नर चार अंड्यांवर बसला होता.

"पिल्लं निघतपर्यंत तिथं कोनीच हात लावत नाही, पोरी," त्या म्हणाल्या आणि काठावरच्या नवऱ्याकडे वळल्या, "पाहा जी, बाप अंडी उबवते! तुमाले चाय बी मांडता येत नाही."

मी शरमले आणि पोटभर हसले. कुणाला शिकवायला निघाले होते मी! घरटी मोडतील ती या तळ्यात भर टाकून बाग करायला निघालेली नगरपालिकेची मंडळी. उद्या नगरपालिकेत भांडायला जाते म्हटलं, तर सुमनताई पाण्यातूनच ओरडल्या, "थांब, मी बी येतो!"